दैवी आपत्तीचा ठोकळा

करार कात्रीने कापायचे असतात, हे हर्षदाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं.

नवनीतभाई किनारीवाला वकिलांनी आपल्या वडिलांच्या वेळेपासूनचे करार कपाटांतून काढून त्यांच्या झेरॉक्स काढवल्या होत्या. सुरतच्या नानपुऱ्यातल्या त्यांच्या ऑफिसात सतरंजी अंथरून हर्षदा त्यांतलं एकेक कलम कापून वेगळं करत बसायची. बाजूला साड्यांची रिकामी खोकी मांडलेली. माल कधी पोचवायचा त्याची कलमं एका खोक्यात, डिपॉझिटची दुसऱ्यात, भांडण झालं तर कुठल्या कोर्टात जायचं त्याची तिसऱ्यात. पंख्याखाली कागद उडायचे म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. खोकी भरली तेव्हा नवनीतभाई स्वतः खाली बसले आणि एकाच खोक्यातल्या दहा-बारा चिठोऱ्या त्यांनी तिला वाचायला लावल्या. वकील वेगळे, शब्द वेगळे, म्हणणं मात्र एकच.

"सारं सुरत एवढ्याच चाळीसेक गोष्टी बोलतं, हर्षदाबेन," ते म्हणाले. "मग दर वेळी पहिल्यापासून कशाला लिहायचं?"

त्यांनी प्रत्येक खोक्यासाठी एकेक कलम इंग्रजीत नव्याने लिहिलं, पक्कं, कुठे बोट शिरणार नाही असं. हर्षदाने ती नव्या कॉम्प्युटरवर चढवली. प्रत्येकाला एक अक्षर आणि एक आकडा. ऑफिसात त्यांना ठोकळे म्हणायचे. पक्षकाराने यायचं, अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर हव्या त्या ठोकळ्यांवर खूण करायची, नावं सांगायची, की चहा येईपर्यंत प्रिंटर करकरत अख्खा करार बाहेर टाकायचा. मार्केटातले शेठ हे बघायला म्हणून यायचे आणि करार करून जायचे.

हर्षदा लिंबायतच्या कामगार वस्तीतली. वडील नंदुरबारकडून येऊन आयुष्यभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले आणि छातीच्या दुखण्याने गेले. घरी आई मालतीबाई आणि शिकणारे दोन भाऊ. मराठी शाळा, मग टायपिंग, मग कॉम्प्युटरचा क्लास असं करत ती इथवर आली होती, आणि गल्लीतल्या बायका आपल्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून सांगत की, बघ, वकिलाकडे आहे. गावाहून आलेली पत्रं, रेशनचे अर्ज, दवाखान्याचे कागद, सगळं तिच्या ओट्यावर यायचं. तिलाही ते आवडायचं.

त्या सुमारास लूमच्या शेठांनी एक नवी पद्धत सुरू केली होती. खातं, म्हणजे लूमचा कारखाना, स्वतः चालवायचा नाही. आपल्याकडच्याच एखाद्या जुन्या, भरवशाच्या कारागिराला दहा-बारा लूम जॉबवर चालवायला द्यायचे. डिपॉझिट त्याने भरायचं, माणसं त्याने लावायची, सूत शेठचं, कापड शेठचं, त्याला मीटरमागे ठरलेला भाव. कारागिराला वाटायचं, आपण मालक झालो. शेठच्या डोक्यावरून माणसांची कटकट उतरायची. हे कारागीर बहुतेक खानदेशातले. करार इंग्रजीत, म्हणून खाली एक ओळ छापलेली असायची की वरील मजकूर लिहून देणाऱ्यास त्याच्या भाषेत समजावून सांगितला आणि त्यास तो समजला. त्या ओळीखाली सही हर्षदाची. तेवढ्यासाठी तिचा पगार वाढला होता.

सुरुवातीला ती मन लावून समजावायची, तेही अहिराणीत. माणसं खुर्चीत पुढे सरकायची, शंका काढायची, शेठशी तिथल्या तिथे घासाघीस करायची. एका करारात तर तिने एक कलम इतकं नीट सांगितलं, की ऐकणारा उठला, हात जोडले आणि जिना उतरून गेला. नवनीतभाई रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले की, आज तुम्ही एकाला एक सांगणार, उद्या दुसऱ्याला वेगळं, परवा कुणी कोर्टात म्हणेल की बेनने मला असं सांगितलं होतं. इंग्रजीत एका गोष्टीला एक ठोकळा आहे, तसं तुमच्या बोलीतही एका ठोकळ्याला एकच वाक्य ठेवा. सगळ्यांना तेच.

तिला ते पटलं. तिने वाक्यं बेतली, ती त्यांनी एकेक करून तपासली. बी-सात नावाच्या ठोकळ्याला तिने वाक्य केलं होतं, 'लूम लागोपाठ पंधरा दिवस बंद राहिले, कारण काही का असेना, तर करार संपला, डिपॉझिट शेठचं.' त्यातलं 'कारण काही का असेना' त्यांनी खोडलं. बंद राहिले म्हणजे बंद राहिले, कारण त्यात आलंच, म्हणाले. वाक्य सुटसुटीत झालं. महिन्याभरात तिला सगळी वाक्यं पाठ झाली. ती एकामागून एक म्हणायची, समोरचा मान हलवायचा, अंगठा नाहीतर सही व्हायची.

डी-दोन नावाचा एक ठोकळा होता, त्याचं वाक्यही तिने केलं होतं. पूर, आग, दंगल, रोगराई अशी दैवी आपत्ती आली तर ते दिवस मोजायचे नाहीत. पण चिठ्ठीवर खूण शेठ करायचा, आणि डी-दोनवर खूण करणारा शेठ तिने पाहिला नव्हता. करारात जे असेल तेच तिने वाचून दाखवायचं. जे नाही ते समजावण्याचा प्रश्न नव्हता.

चौऱ्याण्णव सालच्या अक्षय्य तृतीयेला लोटूनाना आले. ते हर्षदाच्याच गल्लीतले, चार घरं सोडून. तिच्या वडिलांबरोबर एकाच खात्यात पाळ्या केलेल्या, वडील गेले तेव्हा तिरडीला खांदा दिलेला. बायको धुरपदाबाई, मूलबाळ नाही. धनसुखभाई शेठने त्यांना भेस्तानच्या खात्यातले लूम देऊ केले होते. डिपॉझिटसाठी धुरपदाबाईच्या हातातल्या पाटल्या आणि नानांनी गावी बांधायला काढलेल्या घराचे पैसे, दोन्ही गेले होते. नाना धुवट सदरा घालून, कपाळाला टिळा लावून आले होते. हर्षदाला समोर बघून त्यांना इतका आनंद झाला, की शेठला ते म्हणाले, आता मला काळजी नाही, आमचीच पोर आहे.

तिने वाक्यं म्हटली. बी-सातवर नाना थांबले.

"माय, एक इचारू का? गावले कोनी मरनं, तथा जानं पडनं, ते काय?"

हर्षदाला त्या क्षणी डी-दोन आठवला. तो गावातल्या मरणाला लागू नव्हता हे खरं, पण त्या निमित्ताने सांगता आलं असतं, की नाना, असा एक ठोकळा आहे, शेठना घालायला सांगा. शेठने पेनाचं टोपण काढलेलं होतं. नवनीतभाई तिच्याकडे नुसतं बघत होते. बाहेरच्या बाकावर पुढचे दोघे बसलेले. तिने बी-सातचं वाक्य होतं तसं पुन्हा म्हटलं.

नाना हसले. म्हणाले की, मग काय, तेरावं करून लगेच येईन, आणि चार लोक तर मागे लूमवर असतीलच. त्यांनी सही केली, तिच्यासमोर पेढ्याचा पुडा ठेवला.

पावसाळा संपता संपता लूम चांगले लागले. नानांनी गल्लीतलेच आठ जण कामाला घेतले. धुरपदाबाई रोज दुपारी सगळ्यांचे डबे घेऊन भेस्तानला जायची आणि येताना मालतीबाईंपाशी टेकून, आज इतकं कापड निघालं, हे सांगायची. मग सप्टेंबरात रोगाची बातमी आली. आधी कुणाला काही कळेना. वेड दरवाजाकडे माणसं पटापट मेली म्हणे, एवढंच. दुसऱ्या दिवशी प्लेग हा शब्द आला आणि सुरत उठलं. उधन्याच्या स्टेशनवर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या टपावरसुद्धा माणसं. ज्यांच्याकडे मोटार होती ते पहिल्या दिवशीच गेले. त्यांत धनसुखभाई होते, आणि बायकामुलांना घेऊन वलसाडला गेलेले नवनीतभाईही होते. जाताना त्यांनी ऑफिसची किल्ली हर्षदाकडे दिली आणि तोंडाला रुमाल बांधून राहा म्हणून सांगितलं.

मालतीबाईंनी जायला नकार दिला. जायचं कुणाकडे, म्हणाल्या. दवाखान्यातून आणलेल्या कॅप्सूल खाऊन, दारं लावून त्या चौघांनी दिवस काढले. हर्षदाला त्या दिवसांतलं सगळ्यांत भयंकर काय वाटलं असेल तर ती शांतता. लिंबायतमध्ये जन्मल्यापासून तिने लूमची खटखट ऐकली नाही असा तास गेला नव्हता. आता भर दुपारी गल्लीत भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं.

लोटूनानांचे आठही कारागीर पहिल्याच गाडीने गेले. नाना एकटेच भेस्तानला जाऊन दोन लूम चालवत राहिले. एकट्याने दोनच चालवता येतात. तिसऱ्या दिवशी वीज गेली ती आली नाही, वायरमनही पळालेला. त्याच दिवशी धुरपदाबाईला ताप भरला. नानांनी हर्षदाच्या दारातूनच, लांब उभं राहून सांगितलं, की हिला गावी नेतो, अंगातला ताप कशाचा ते इथे कोण बघणार. हर्षदाला पंधरा दिवस आठवले. ते बोलायची ती वेळ नव्हती. ती म्हणाली, जपून जा.

गावाने त्यांना आत घेतलं नाही. सुरतहून आलेली माणसं म्हणून वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं, भाकरी लांबून ठेवून जात. ताप साधा निघाला. पण सुरतेच्या गाड्या, अफवा, आणि गावाचं भय, सगळ्यांत दिवस गेले. परत आले तेव्हा दसरा होऊन गेला होता.

नवनीतभाई त्यांच्या आठवडाभर आधी आले होते. शहर परत भरत होतं, रस्ते कधी नव्हे ते झाडून लख्ख केलेले होते. आल्या आल्या शेठांची रीघ लागली. दिवाळीची मागणी तोंडावर होती, आणि परतलेले कारागीर नवं डिपॉझिट भरून कमी भावातही लूम घ्यायला तयार होते. जुन्या भावाचे जॉबवाले कुणालाच नको होते. बी-सात सगळ्यांच्याच करारात होता. नोटिशीचाही एक ठोकळा होता, त्यात नाव आणि तारीख घातली की झालं. हर्षदाने एका दिवसात टेबलभर नोटिसा काढल्या. लोटूनानांचं नाव आलं तेव्हा तिने प्रिंटर थांबवला आणि आत गेली.

तिने सांगितलं, की नानांनी लूम बंद ठेवले नाहीत, वीज नव्हती, बाईला ताप होता, शेठ स्वतःच शहरात नव्हते. नवनीतभाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"बी-सातमध्ये कारणाला जागा नाही, बेन. तुम्हालाच माहीत आहे."

"डी-दोन घातला असता तर?"

"तर वाचले असते. पण कुणी मागितला?"

तरी त्यांनी तिच्यासमोर धनसुखभाईंना फोन लावला. शेठ म्हणाले, लोटू चांगला माणूस आहे, त्याने नवं डिपॉझिट भरावं, नव्या भावाने करार करावा, मी त्यालाच देतो. फोन ठेवून नवनीतभाई म्हणाले की, बघा, दार उघडं आहे. हर्षदा बाहेर येऊन बसली. थोड्या वेळाने तिने प्रिंटर पुन्हा चालू केला.

नानांना भेस्तानला कुलूप दिसलं, आणि घरी नोटीस. संध्याकाळी दिवेलागणीला ते दोघं हर्षदाकडे आले. नानांच्या हातात करार होता. त्यांनी ओट्यावर बसून तो तिच्यापुढे केला आणि सांगितलं की, पहिल्यापासून वाच, सावकाश, शब्दाला शब्द. मालतीबाईंनी चहा ठेवला. हर्षदाने वाचलं. आज पाठ केलेलं वाक्य म्हणायला जीभ वळली नाही. इंग्रजी ओळ वाचायची, तिचा पुरा अर्थ सांगायचा. बी-सातपाशी तिने 'कोणत्याही कारणाने, ते काहीही असो' हे सांगितलं तेव्हा नानांनी हात वर करून तिला थांबवलं.

"त्या रोज तू हाई वाचं व्हतं?"

"नाही, नाना."

 मग नानांनी विचारलं की, अशी रोगराई येईल, मग काय, असं काही लिहिता येत होतं का. त्यांचा स्वर साधा होता, काही शोधणारा नव्हता. नाही म्हटलं असतं तर ते मान हलवून उठले असते आणि दोघं घरी गेली असती. पण त्या नोटिसा छापल्यापासून हर्षदाच्या मनात इतकं साचलं होतं, की तिला वाटलं, आता तरी खरं बोलावं. तिने डी-दोनचं सांगितलं. तो तयार होता, कॉम्प्युटरमध्ये होता, चिठ्ठीवर नुसती खूण करायची होती. शेठ करत नाहीत. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला तो आठवला होता, हेही तिने सांगितलं.

नाना करारावरची तिची सही बघत राहिले. चहा तसाच होता. धुरपदाबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती अगदी हळू म्हणाली, "हाई आते कसाले सांगं, माय?"

 ते दोघं गेल्यावर मालतीबाईंनी कप उचलले आणि मुलीकडे न बघता म्हणाल्या, की मघापर्यंत त्यांचं देवाने नेलं होतं. तू ते माणसाने नेलं असं करून दिलंस.

पुढचे काही दिवस हर्षदाला जेवण गेलं नाही. एका दुपारी ती अठवा लाइन्सला कामगारांची कामं घेणाऱ्या एका दुसऱ्या वकिलाकडे गेली. त्याला सगळं सांगितलं, आणि म्हणाली की, मी कोर्टात येऊन सांगते, मी नानांना नीट समजावलं नव्हतं. वकील तरुण होता, त्याने उत्साहाने वही काढली. मग लिहिता लिहिता थांबून त्याने विचारलं की, तुमची सही अशा किती करारांवर आहे. तिने अंदाज सांगितला. तो म्हणाला, तर मग एका करारावरची खोटी ठरली की सगळ्यांवरची ठरते, समोरचा वकील हेच विचारणार, आणि मग प्रश्न फक्त नोकरीचा राहत नाही. मी करू नका म्हणत नाही, तो म्हणाला, करा, पण घरी बोलून या. ती उद्या येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी पगार होता. धाकट्या भावाची फी भरायची होती. ती ऑफिसला गेली, आणि त्या वकिलाकडे नंतर कधीच गेली नाही.

नानांनी नवं डिपॉझिट भरलं नाही. भरायला काही उरलंच नव्हतं. गावचं घर जोत्यापर्यंत आलेलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांना भेस्तानलाच एका डाइंगच्या, कापड रंगवायच्या, कारखान्यात वॉचमनचं काम मिळालं. खाकी सदरा त्यांना मोठा व्हायचा. धुरपदाबाई घरी साड्यांना टिकल्या लावायला लागली. गल्लीत कुणी हर्षदाला तोडून बोललं नाही. फक्त ओट्यावर कागद येईनासे झाले. पत्र आलं की लोक दोन गल्ल्या पलीकडे एका मास्तरांकडे जायचे. धुरपदाबाई मालतीबाईंशी पूर्वीसारखी बोलायची, हर्षदा आली की डब्यातल्या टिकल्या सांडल्यासारखं करून त्या वेचत बसायची.

नवनीतभाईंनी मात्र त्या दिवाळीनंतर डी-दोन नेहमीच्या करारात घालायला सुरुवात केली. सुरतने एवढं पाहिल्यावर तो हवाच, असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि मनापासून सांगायचे. वर्षभर तो राहिला. हर्षदा त्याचं वाक्य म्हणायची, 'पूर, आग, दंगल, रोगराई', आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते दिवस येऊन जायचे. मग एका शेठने खूण काढायला लावली, पाठोपाठ दुसऱ्याने. चिठ्ठी शेवटी त्यांची होती.

शहाण्णव सालच्या थंडीत एका सकाळी ऑफिसचं दार उघडून लोटूनाना आत आले. बरोबर धुरपदाबाईचा भाऊ धुडकू होता, तिशीचा, दांडगा, लूमवर हात बसलेला. पांडेसऱ्याकडच्या एका शेठचे लूम तो जॉबवर घेत होता. शेठ आधीच येऊन बसलेला. हर्षदाने नानांसाठी खुर्ची पुढे केली, ते भिंतीशी बाकावर बसले.

तिने वाक्यं म्हणायला सुरुवात केली. बी-सातपर्यंत आली, आणि नवनीतभाईंनी खोडलेलं 'कारण काही का असेना' तिने पुन्हा जोडून म्हटलं. त्यांनी मान वर केली. शेवटचं वाक्य झालं. धुडकूने पेन घेतलं.

"थांब," नाना म्हणाले. मग हर्षदाकडे बघून, दोन वर्षांत पहिल्यांदा, "जे नही शे ते बी वाच."

शेठने नवनीतभाईंकडे बघितलं. नवनीतभाई शांतपणे म्हणाले की, तशी पद्धत नाही, करारात जे आहे तेवढंच वाचतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत वाचत बसावं लागेल. हर्षदाने चिठ्ठी उचलली.  ज्या ठोकळ्यांवर खूण नव्हती ते तिने वरून खाली एकेक सांगितले. सूत खराब निघालं तर कापडाचा तोटा कुणाचा. कारागिराला इजा झाली तर दवाखाना कुणाचा. दर वर्षी भाव वाढवायचा की नाही. आणि डी-दोन. काय असू शकलं असतं आणि काय नाही, हे तिने अहिराणीत, पाठ न केलेल्या शब्दांत सांगितलं. कुणी तिला थांबवलं नाही. खोलीत फक्त तिचाच आवाज होता आणि खाली रस्त्यावर रिक्षांचा.

ती थांबल्यावर नाना धुडकूकडे बघत राहिले. धुडकूने शेठला विचारलं की, यातलं काही घालाल का, निदान तो रोगराईचा. शेठ म्हणाला, घालू ना, मग मीटरचा भाव कमी करू. धुडकू पेनाशी खेळत बसला.

"समजनं माले, दाजी," तो नानांना म्हणाला. "पन मी उठनू ते भायेर दुसरा बठेल शे."

बाहेरच्या बाकावर खरंच एक जण बसलेला होता, ओडिशाकडचा कुणीतरी, मांडीवर पिशवी घेऊन. धुडकूने सही केली. एका पानावर, दुसऱ्या पानावर, सगळ्या पानांवर. नाना सही पुरी व्हायच्या आधीच उठून जिना उतरून गेले होते.

हर्षदाने स्वतःची सही केली, कागद शेठच्या हातात दिले आणि पाणी पिऊन येते सांगून खाली आली. नाना चहाच्या गाडीपाशी उभे होते. ती जवळ गेली.  नानांनीच विचारलं, केली का त्याने सही. ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून बशी तिच्यापुढे धरली. म्हणाले की, सोमवारपासून मी वॉचमनचं सोडतो, धुडकूला दिवसपाळीला भरवशाचा माणूस पाहिजे, मलाच ये म्हणतो, डोळे आहेत तोवर दोन लूम बघीन.

तिने बशी घेतली. चहा कोमट झाला होता. वरून नवनीतभाईंनी खिडकीतून तिला हाक मारली, बाकावरचा माणूस आत येऊन बसला होता. नाना पैसे देऊन रिक्षाकडे वळले आणि हर्षदा जिना चढायला लागली.